हृदयाच्या ऑपरेशननंतर माणूस बरळतो, विसरतो, उदास होतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरला, सावंगीला किंवा आणखी कुठे बायपास नाहीतर झडपेचं ऑपरेशन करून माणूस गावी येतो आणि घरच्यांना जाणवतं की हा पहिल्यासारखा राहिला नाही. पुढचं वाचण्याआधी दोन तारखा कागदावर लिहा: ऑपरेशनची, आणि हा बदल पहिल्यांदा दिसला ती. दोन्हींमध्ये किती दिवस गेले यावरून अर्धं निदान होतं. पहिल्या तीन-चार दिवसांतली बडबड, घरी आल्यावर अचानक उठलेला गोंधळ आणि दोन महिन्यांनंतरही न हटणारी उदासी ही तीन वेगळी दुखणी आहेत.

ऑपरेशन चांगलं झालं म्हणाले. मग दुसऱ्याच रात्री बाबा असंबद्ध का बोलू लागले?

डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात, गावात 'वात झाला' म्हणतात. हे वेड नाही. मोठ्या ऑपरेशनचा ताण पडला की मेंदूचं काम काही दिवस विस्कटतं. साठी ओलांडलेल्या रुग्णांत साधारण चार-पाच जणांमागे एकाला हा त्रास होतो आणि ओपन हार्ट ऑपरेशनं रुळू लागली तेव्हापासून, म्हणजे १९६०च्या दशकापासून, डॉक्टरांना तो ठाऊक आहे. बहुतेकदा पहिल्या ते तिसऱ्या दिवशी सुरू होतो आणि काही दिवसांत ओसरतो. वय जास्त असेल तर आठवडाभर किंवा त्याहून अधिकही रेंगाळतो.

माणूस सकाळी नातवाची नीट चौकशी करतो आणि रात्री आयसीयूला गोठा समजून 'बैल सुटला, धरा' म्हणत उठायला बघतो. सलाईनची नळी साप वाटते, भिंतीवर मुंग्या दिसतात, नर्स विष देतेय अशी खात्री होते. दिवसभरात असा चढउतार होणं आणि रात्री वाढणं, हीच त्याची मुख्य खूण.

आमची आजी तर एकदम शांत पडून असते. तिला काही नाही ना?

शांत प्रकार जास्त फसवा. रुग्ण आरडाओरडा करत नाही, नळ्या ओढत नाही, नुसता छताकडे बघत पडून राहतो, घास तोंडात धरून बसतो. सगळे म्हणतात, थकली बिचारी. प्रत्यक्षात लक्ष टिकत नसतं. वारांची नावं उलटी म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार. शाळेत न गेलेल्या माणसालाही बाजाराच्या दिवसामुळे वार पाठ असतात. एरवी सहज म्हणणारी व्यक्ती दोन-तीन वारांतच अडखळली किंवा मध्येच भलतंच बोलू लागली, तर नर्सला 'झोपाळल्यासारखी आहे' असं सांगू नका. 'लक्ष लागत नाही, कालपर्यंत असं नव्हतं' असं सांगा. 'कालपर्यंत असं नव्हतं' एवढं ऐकलं की डॉक्टर लगेच तपासतात.

हे होतं कशामुळे?

एका कारणाने क्वचितच. ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर रक्त फिरवल्यामुळे अंगात येणारी सूज, भूल, रक्तदाबातले चढउतार, रक्तात कमी पडलेला ऑक्सिजन, सोडियम किंवा साखरेची गडबड, जंतुसंसर्ग, न शमलेली वेदना, वेदनेवरचीच ट्रामाडॉलसारखी औषधं, झोपेची इंजेक्शनं, तुंबलेली लघवी, चार दिवस न झालेलं पोट. त्यात आयसीयूत रात्रंदिवस दिवे चालू आणि मॉनिटर वाजत असतात, त्यामुळे सलग झोप नाही. यातल्या बऱ्याच गोष्टी दुरुस्त होतात. म्हणून चांगला डॉक्टर आधी कारण शोधतो, शांत करणारं इंजेक्शन नंतर. हॅलोपेरिडॉल लागलंच तर कमी मात्रेत आणि ईसीजीवर लक्ष ठेवून देतात.

वय, आधी झालेला लकवा, आधीपासूनचा विसरभोळेपणा, मधुमेह, किडनीचा आजार, कमी ऐकू येणं, कमी दिसणं आणि रोजची दारू असेल तर शक्यता वाढते.

दारू आणि खर्रा डॉक्टरांपासून लपवला. आता सांगावं का?

आत्ता, याच क्षणी सांगा. रोज पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली की सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, घाम, ताप, धडधड असा गंभीर प्रकार होतो. नेमके हेच दिवस ऑपरेशननंतरचे. माहीत नसलेला डॉक्टर त्याला साधा डिलिरियम समजेल, आणि दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. साध्या डिलिरियममध्ये टाळायची डायझेपामच्या गटातली औषधंच दारू सुटल्यावर द्यावी लागतात. सोबत थायमिन हे जीवनसत्त्वही देतात, ग्लुकोजच्या आधी. मोहाची असो की देशी, किती आणि शेवटची कधी, एवढं नीट सांगा. ऑपरेशन रद्द होईल या भीतीने माहिती दडवणं हे आमच्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महागात पडणारं खोटं आहे.

खर्ऱ्याचंही तसंच. दिवसाला पाच-सहा पुड्या खाणाऱ्याला तंबाखू तुटल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत चिडचिड, बेचैनी, झोप न लागणं होतं. अशा वेळी दया येऊन कुणी पुडी आणून देतो. देऊ नका. निकोटिनने नाडी आणि रक्तदाब वाढतो, रक्तवाहिन्या आकसतात, नव्या बायपासला ते परवडत नाही. निकोटिनचा पॅच चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

आयसीयूत पाचच मिनिटं सोडतात. तेवढ्यात काय करायचं?

चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी घेऊन जा आणि परवानगी मिळाली की लगेच लावून द्या. चष्म्याविना सलाईनची नळी साप दिसते, यात नवल काय? मग सावकाश सांगा: 'बाबा, मी अमुक. तुम्ही नागपूरला दवाखान्यात आहात. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. आज बुधवार आहे, सकाळ आहे.' एकदा नाही, प्रत्येक भेटीत. साप नाही हे पटवून देण्यासाठी वाद घालू नका. 'मला दिसत नाही, पण मी आहे इथं' म्हणा आणि हात धरा. कर्जाचा, भावकीचा, सोयाबीनच्या भावाचा विषय काढू नका.

भाषेचं खास सांगायला हवं. मेळघाटातल्या आजीला कोरकू येते, गडचिरोलीतल्या बाबांना गोंडी, तांड्यावरच्या माणसाला गोरमाटी. नर्स हिंदीत विचारते, उत्तर येत नाही आणि चार्टवर 'प्रतिसाद नाही' अशी नोंद होते. रुग्ण घरी कोणती भाषा बोलतो हे भरती करतानाच लिहून द्या. सोबत दोन ओळी त्याच्या बोलीत: दुखतं का, पाणी हवं का.

त्यांचे हात बांधून ठेवले होते. हा छळ नाही का?

छातीतल्या नळ्या, मानेतली लाईन, ठोके सांभाळणाऱ्या पेसिंगच्या तारा रुग्णाने ओढल्या तर जीव जाऊ शकतो, म्हणून थोडा वेळ मऊ पट्टीने बांधतात. पण बांधल्याने गोंधळ वाढतोही. 'घरचा एक माणूस जवळ बसला तर सोडाल का?' असं विचारा. बऱ्याच ठिकाणी हो म्हणतात.

पंधरा दिवसांनी घरी एकदम बरळू लागले. जुनंच उलटलं का?

असं धरून चालू नका. घरी आल्यानंतर कधीही, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उठलेला गोंधळ म्हणजे शरीरात काहीतरी नव्याने बिघडलंय. तोंड वाकडं, एक हात किंवा पाय लुळा, बोलणं अडखळतं, यातलं एकही दिसलं तर तो लकवा समजा आणि घड्याळ बघून वेळ लिहून १०८ ला फोन करा. नुकतंच ऑपरेशन झालेल्यांना गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बहुधा देता येत नाही, पण नळी घालून गुठळी काढण्याची सोय मोठ्या दवाखान्यात असते. म्हणून जवळच्या गावी थांबून वेळ घालवण्यापेक्षा कुठे न्यायचं हे १०८ च्या डॉक्टरांनाच विचारा. नवी झडप बसलेली आहे, रक्त पातळ करणारं ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन चालू आहे, आणि जोराचं डोकं दुखतंय, उलटी होतेय किंवा माणूस पडला होता, तर मेंदूतल्या रक्तस्रावाची शक्यता असते. सीटी स्कॅन आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) त्याच दिवशी हवा.

लकव्याची खूण नसेल तर गाडी येईपर्यंत एवढं करा. आशाताई किंवा उपकेंद्रातून ग्लुकोमीटर मागवून साखर तपासा. ७० च्या खाली असेल आणि रुग्ण गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका. मेटोप्रोलॉल ही ठोके हळू करणारी गोळी घेणाऱ्याला साखर उतरल्यावर थरथर आणि धडधड जाणवत नाही, फक्त घाम येतो, हे ध्यानात असू द्या. ताप बघा. १००.४ फॅरनहाइटच्या वर असेल तर कपडा बाजूला करून छातीची आणि पायाची जखम बघा, पू किंवा लाली दिसते का. लघवी कधी झाली, पोट कधी साफ झालं, विचारा. औषधांच्या सगळ्या स्ट्रिप्स, रिकाम्याही, एका पिशवीत घाला आणि डिस्चार्ज कार्डासकट बरोबर न्या.

झोपेची गोळी देऊ नका. गोंधळ झाकला जातो, कारण तसंच राहतं.

उन्हाळ्यात हा त्रास जास्त दिसतो. योगायोग आहे का?

नाही. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. रुग्ण लघवी वाढवणारी गोळी घेतोय, फ्रुसेमाइड किंवा टॉरसेमाइड. कुणीतरी मीठ पूर्ण बंद केलंय. घामावाटे मीठ जातंय, वर तहान लागली म्हणून नुसतं पाणी पिणं चाललंय. रक्तातलं सोडियम १३५ ते १४५ असायला हवं, ते १२० कडे उतरतं आणि माणूस आधी सुस्त, मग मळमळ, मग भ्रमिष्ट होतो. काहींना झटके येतात. साध्या रक्ततपासणीत हे त्याच दिवशी कळतं.

'मीठ कमी' म्हणजे 'मीठ बंद' नव्हे. किती पाणी, किती मीठ आणि कडक उन्हात गोळीचा डोस तोच ठेवायचा का, हे मार्च संपायच्या आत डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. रोज सकाळी लघवी करून, चहाआधी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर अंगात पाणी साचतंय. झपाट्याने उतरलं आणि उभं राहताच चक्कर आली तर पाणी कमी पडतंय. हृदय कमजोर असलेल्याने ओआरएस मनाने पिऊ नये, त्यात मीठ असतं.

कोणत्या गोळ्यांमुळे डोकं भ्रमतं?

गावात सहज मिळणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, म्हणजे क्लोरफेनिरामिन असलेल्या, आणि झोपेसाठी दिलं जाणारं अल्प्राझोलाम, हे वयस्कांचे नेहमीचे दोन शत्रू. ट्रामाडॉल तिसरं. झडपेच्या रुग्णांना डिगॉक्सिन चालू असेल आणि मळमळ, पिवळट-हिरवं दिसणं आणि गोंधळ एकत्र आले, तर औषध अंगात साचलं असण्याची शक्यता आहे. पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. ठोके नियमित ठेवणारं ॲमिओडॅरोन घेणाऱ्याची थायरॉइडची तपासणी ठरावीक काळाने व्हायला हवी, कारण त्याने थायरॉइड बिघडतं आणि सुस्ती, उदासी मागाहून येते. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका, विशेषतः मेटोप्रोलॉल आणि रक्त पातळ करणारी.

डोकं ठिकाणावर आहे, पण सारखे रडतात. जेवत नाहीत. कमजोरी असेल का?

पहिले काही आठवडे रडू येणं, हळवं होणं, लवकर चिडणं नेहमीचं आहे. पण दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, हताश राहिलं का? आणि आधी आवडायच्या गोष्टींत, वावरात चक्कर मारणं, पारावर बसणं, भजन, रस उरला नाही का? एकालाही 'हो' आलं तर ते नैराश्य असू शकतं. बायपासनंतर साधारण पाच-सहा जणांत एकाला तपासून उपचार करावा लागेल इतकं नैराश्य असतं. त्याकडे दुर्लक्ष झालं तर गोळ्या चुकतात, चालणं थांबतं आणि हृदयालाच पुन्हा त्रास होण्याचा धोका वाढतो.

आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांचं बी-१२ तपासून घ्या. कमजोरी खरीच असेल तर इथे सापडेल.

कारणं नुसती रक्तात नसतात. कापूस वेचणीला आलाय, सालगड्याला पैसे द्यायचेत, पीककर्ज डोक्यावर आहे आणि कुटुंबाचा कर्ता खाटेवर बसून आहे. त्यात घरचे प्रेमापोटी सगळं हातातून काढून घेतात: 'तुम्ही फक्त आराम करा.' हे ऐकून ऐकून माणूस स्वतःला निकामी समजू लागतो. वजन न उचलता होणारी कामं त्याच्याकडेच ठेवा: मजुरांचा हिशेब, बियाण्याचा निर्णय, बाजारभाव विचारायचा फोन. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर रोज पाच-दहा मिनिटांपासून सुरू करून सपाट रस्त्यावर चालणं, दर आठवड्याला थोडं वाढवत. सौम्य नैराश्यात नुसत्या चालण्याचाही चांगला उपयोग होतो.

मानसोपचाराच्या गोळ्या हृदयाला बाधतात ना?

सगळ्या नाही. हृदयरोग्यांत सर्ट्रालिन बरंच वापरलं जातं आणि तुलनेने सुरक्षित मानलं जातं. ॲमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधं ठोक्यांवर परिणाम करतात म्हणून हार्ट अटॅकनंतर टाळतात. एस्सिटॅलोप्रामआधी ईसीजी बघितलेला बरा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा ॲसिट्रॉमबरोबर सर्ट्रालिन घेतलं तर रक्तस्राव थोडा जास्त होऊ शकतो. हिरड्यांतून रक्त, काळी शी यांकडे लक्ष ठेवा आणि ॲसिट्रॉमवाल्यांनी आयएनआर लवकर तपासून घ्या. गुण यायला दोन ते चार आठवडे किंवा थोडे जास्त लागतात. दहाव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून सोडणारेच जास्त, आणि बरं वाटलं म्हणून दुसऱ्या महिन्यात सोडणारेही. दोन्ही चूक.

'मी मेलो असतो तर बरं झालं असतं' असं म्हणतात. विषय काढावा की टाळावा?

सरळ विचारा: 'जीव द्यावासा वाटतो का? कसा, ते ठरवलंय का?' विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. फवारणीची औषधं घरातून आजच हलवा, शेजाऱ्याकडे किंवा कुलपात, आणि किल्ली रुग्णाला माहीत नको. गोळ्याही एक-दोन दिवसांच्याच हाताशी ठेवा. त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. काही केलंच असेल तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच आधी धरलं जातं.

विसरभोळेपणा कायमचा राहतो का?

बहुतेकांचा सहा महिन्यांत बराच कमी होतो. २००१ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २६१ बायपास रुग्णांचा अभ्यास छापला. घरी जाताना ५३ टक्के लोकांची आठवणीच्या आणि लक्षाच्या चाचणीतली कामगिरी उतरली होती, सहा महिन्यांनी २४ टक्के, आणि पाच वर्षांनी पुन्हा ४२ टक्के. या शेवटच्या आकड्याने बऱ्याच जणांनी धसका घेतला. पण नंतरच्या अभ्यासांत ऑपरेशन न झालेल्या हृदयरोग्यांशी तुलना केली, तेव्हा त्यांचीही घसरण साधारण तशीच दिसली. म्हणजे वर्षांनंतरच्या विसरण्याचा दोष मुख्यतः रक्तदाब, साखर, तंबाखू आणि वयाकडे जातो. मशीन न वापरता केलेल्या बायपासनेही या बाबतीत मोठा फरक पडलेला नाही, त्यामुळे 'मशीनवर केलं म्हणून झालं' ही हळहळ सोडा. गोळ्यांसाठी वारांचे कप्पे असलेली डबी घ्या. सहा महिन्यांनंतरही ओळखीची वाट चुकत असेल तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.

मुलीला रात्री तिच्या नव्या झडपेचा टिकटिक आवाज येतो, ती झोपत नाही.

धातूची झडप बंद होताना वाजते. आवाज येणं चांगलं लक्षण आहे. तिला हे आधी कुणी सांगितलेलंच नसतं. कुशी बदलून बघा, पंखा चालू ठेवा. काही आठवड्यांत सवय होते. आवाज एकाएकी दबला किंवा बंद झाला आणि धाप लागली, तर मात्र तातडीने दवाखाना. तरुण मुलींच्या मनात लग्न, मूल याचीही धास्ती असते. ॲसिट्रॉम चालू असताना गर्भधारणेबद्दल आधी डॉक्टरांशी बोलणं आवश्यक आहे, आणि हे मुलीसमोर बोला, तिच्या माघारी नको.

बाहेरची बाधा असेल तर? भगताकडे न्यावं का?

अंगारा कपाळाला लावून कुणाचं मन शांत होत असेल तर आमचं काही म्हणणं नाही. धुरी नको: धुराने खोकला येतो आणि तारांनी बांधलेल्या छातीच्या हाडावर ताण पडतो. उपास नको, साखरेच्या गोळ्या चालू असतात. काढा, मुळ्या नकोत, ॲसिट्रॉमशी त्यांचं जमत नाही. मारणं, केस ओढणं तर गुन्हा आहे, २०१३पासून त्यासाठी कायदा आहे. आणि अचानक सुरू झालेल्या गोंधळात आधी दवाखाना, मग बाकी सगळं.

ट्रॅक्टर, मोटारसायकल कधीपासून?

छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे, काहींना बारा. त्याआधी नाही. गोंधळ किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्यानंतरही नाही.

मानसोपचार कुठे मिळेल, खर्च किती?

जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते, तिथे नाममात्र खर्चात काम होतं. वार आधी विचारून जा, उगाच एसटीचा हेलपाटा नको. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झालं असेल तर फॉलोअपमध्ये काय काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

पुढे मोतीबिंदूचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन आहे. पुन्हा होईल का?

एकदा झालेल्याला पुन्हा होण्याची शक्यता जास्त, पण लहान ऑपरेशनमध्ये आणि जागा बधिर करून केलं तर कमी. डिस्चार्ज कार्डावर 'ऑपरेशननंतर डिलिरियम झाला होता' असं आठवणीने लिहून घ्या आणि ते भूलतज्ज्ञाला दाखवा. म्हणजे झोपेची औषधं ते बेताने देतील. चष्मा, कवळी आणि कानाचं मशीन शेवटच्या क्षणापर्यंत अंगावर राहू द्या. रोजची दारू असेल तर ती ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा, आदल्या दिवशी नव्हे.